पाचव्या प्रकरणातला माणूस

…नाही नाही, ती खुर्ची नको सर, तिचा पाय निखळलाय — इकडे बसा, या वेताच्या खुर्चीत, ऊनही छान येतं इथे. बॅग राहू द्या तिथंच. आता झालं काय, तुमची गाडी वेळेवर आली, तिथंच सगळी पंचाईत झाली! अहो, मी आणि अबोलीने सगळा बेत गाडी दोन तास लेट धरून केला होता. पुण्याहून लखनऊला येणारी गाडी वेळेवर आल्याचं मला तरी आठवत नाही, आणि आज नेमकी तुम्हाला घेऊन आली ती वेळेवर. गेस्ट हाउसची खोली मिळणार बारानंतर. म्हटलं, सरांना स्टेशनवर ताटकळत ठेवण्यापेक्षा इकडे वृंदावन योजनेच्या वसाहतीत आपल्या घरीच आणावं — अंघोळ होईल, दोन घास पोटात जातील. बाहेरगावचा परीक्षक म्हणजे त्याला स्टेशनवरून आणायचं, खाऊपिऊ घालायचं, परतीच्या गाडीत बसवायचं, हे सगळं विद्यार्थ्याच्या घरच्यांनीच करायचं असतं — पीएच.डी.तलं एवढं तत्त्वज्ञान मला पहिल्याच वर्षी कळलं.

आणि अबोली बघा, तुमच्या परीक्षेला बसणारी, ती सकाळपासून युनिव्हर्सिटीत — प्रोजेक्टर चालतो का बघ, समोसे किती सांगायचे बघ, तीन वाजताची तोंडी परीक्षा आणि पोरगी पाण्याच्या बाटल्या मोजतेय. जाताना मला तीनदा बजावून गेलीय — पापा, थीसिस पे एक शब्द नहीं बोलना, मौसम पे बात करना. सव्वीस वर्षं फौजेत काढली, हुकूम म्हणजे हुकूम. तर — हवा छान आहे. फेब्रुवारीत लखनऊची हवा छानच असते. …झालं. संपलं हवामान. घ्या, पोहे घ्या. शेंगदाणे आमच्या फलटणचे आहेत, धाकटा भाऊ पाठवतो. प्रतिमा, म्हणजे आमची मंडळी, घरी असती तर तुम्हाला काहीतरी नीट मिळालं असतं, पण ती शाळेत शिकवते, तिकडे पोरांच्या परीक्षा. आज सगळ्यांच्याच परीक्षा! चहा कसाय? आलं जास्त झालं? दुसरा टाकतो, दूध ठेवलंय मंद गॅसवर.

स्टेशनवर मी घाईत सांगितलं — सुभेदार रमाकांत भोईटे, रिटायर्ड — पण कशातला सुभेदार ते राहिलं. बंदूक कमी, पोती जास्त! राशन तपासायचो मी. जवानांच्या पोटात जे जाणार — डाळ, तांदूळ, चहापत्ती, मसाले — ते आधी माझ्या नाकाखालून जायचं. परखी म्हणून एक पोकळ सळई असते, ती पोत्यात खुपसायची, ओढायची, दाणे तळहातावर घ्यायचे आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर पाच रकाने — रंग, वास, चव, ओल, कचरा. सही करा, पास नाहीतर रद्द. या पाच रकान्यांच्या बाहेर जगात काही असतं असं मला कधी वाटलंच नाही हो. अबोली बीएला होती तेव्हा एकदा जेवताना म्हणाली, पापा, आप तो पक्के अनुभववादी हो. मला वाटलं पोरगी शिवी देतेय! मग तिने समजावलं — तिकडे इंग्लंड-स्कॉटलंडात काही विचारवंत होऊन गेले, ते म्हणायचे, माणसाचं मन म्हणजे कोरी पाटी, तिच्यावर जे काही उमटतं ते डोळे, कान, नाक, जीभ, कातडी यांच्यातूनच आत येतं. आंबा म्हणजे दुसरंतिसरं काही नाही — पिवळेपणा आला, गोडवा आला, वास आला, मऊपणा आला, घातली बेरीज, झाला आंबा. मी म्हटलं, मग बरोबरच आहे की! रकाने भरा, आंबा पास! मोठे लोक हो. आमच्याच खात्यातले.

…बोललो का मी थीसिसवर? छे. हे बीएचं बोललो. बीएवर बंदी नाही. हसताय तुम्ही, पण मी शब्दाचा पक्का आहे. मग काय झालं, ती पीएच.डी.ला बसली आणि घरात ते दुसरं आलं — फिनॉमिनॉलॉजी, मराठीत प्रघटनाशास्त्र म्हणे, दोन्ही शब्द माझ्या कवळीला झेपत नाहीत. हे जर्मनांचं. आता मी फौजी माणूस, मला वाटलं जर्मन म्हणजे इंग्रजांच्या विरुद्धच असणार, इतिहासच तसा आहे. पण अबोली म्हणते, नाही पापा, यही तो मज़ा है. या जर्मन गुरुजींनी पहिला धडा त्या कोऱ्या पाटीवाल्यांतल्याच एका स्कॉटिश माणसाकडून घेतला — हवेतल्या गप्पा पुरे, अनुभवाकडे चला. फक्त पुढे ते म्हणाले, बाबांनो, तुम्ही अनुभवाच्या दारापर्यंत आलात खरे, पण उंबऱ्यावरच सूप घेऊन निवडत बसलात — हा रंग, हा वास, ही चव. कुणी कधी नुसता पिवळेपणा खाल्लाय का? माणूस आंबा खातो, अख्खा. आत या आणि अख्खा बघा!

मी म्हटलं, उदाहरण दे. तर मलाच माझी डाळ आठवली. एका डेपोत असताना तुरीची चारशे पोती आली होती. रंग ठीक, वास ठीक, चव ठीक, ओल ठीक, कचरा नावाला नाही. पाचही रकाने चोख — आणि माझं मन काही घेईना. उभा राहिलो, पुन्हा मूठ भरली, पुन्हा सोडली. केली रद्द! कॅप्टनसाहेब भडकले, कारण लिहा म्हणाले. काय लिहू? सहावा रकाना कुठंय फॉर्मवर? लिहिलं — डाळ डाळीसारखी वाटत नाही. अहो, महिनाभर अख्खा डेपो मला हसला. लंगरमध्ये जेवायला गेलो की विचारायचे, भोईटे साब, आज रोटी रोटी जैसी लग रही है ना? आणि मग प्रयोगशाळेचा कागद आला — दोन वर्षांची जुनी डाळ, तेलाचा हात मारून चकचकीत केलेली! हे ऐकल्यावर अबोली खरकट्या हाताने उठली आणि वही शोधायला पळाली. म्हणाली, तुम्हाला आधी डाळ भेटली, रकाने नंतर आले. पण सर, तिचा खरा मुद्दा पुढेच आहे — आयुष्यभर रकाने भरभरून हात घासले नसते तर ती अख्खी डाळ मला दिसलीच नसती. म्हणजे त्या अनुभववाद्यांनी आधी झाडलोट केली म्हणून हे जर्मन आत शिरले, नाहीतर बसले असते बाहेरच. हाच तिचा सगळा प्रबंध. …अरेच्चा. सांगून टाकला की मी.

उचलली जीभ लावली टाळ्याला — प्रतिमा म्हणते ते खोटं नाही. बरं, आता आब गेलीच आहे तर पुढचंही ऐका. पाचव्या प्रकरणात तो मिस्टर आर आहे ना, नाक गेलेला — ज्याला वास येत नाही आणि जो वास नसणं कसं असतं ते सांगतो — तो मीच! एकवीस सालच्या एप्रिलमध्ये आम्ही तिघंही आजारी. तिघंही वाचलो, देवाची कृपा, पण माझं नाक गेलं ते गेलंच. प्रतिमाचं आठ दिवसांत परत आलं, माझं नाही. फोडणी म्हणजे नुसता आवाज. चहा म्हणजे गरम पाणी. ज्या नाकावर सव्वीस वर्षं भाकरी खाल्ली तेच देवाने उचलून नेलं. मला फार वाईट वाटलं सर, खोटं कशाला बोलू. गच्चीवर जाऊन बसायचो आणि कुणी बोलायला आलं की खेकसायचो.

आणि अबोली — तुम्हाला म्हणून सांगतो — अबोली तोवर माझ्याशी फारसं बोलायचीच नाही. भांडण वगैरे काही नव्हतं हो. बदल्यांमध्ये वाढलेली पोर, माझी निम्मी वर्षं सीमेवर, ती शाळेपासून हिंदीत. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत दोन शब्दांत उत्तर द्यायचं — ठीक है पापा, देखते हैं पापा — झालं संभाषण. तर एका संध्याकाळी ही वर आली, हातात वही, आणि म्हणाली, बाबा — बाबा म्हणाली हं, पापा नाही — वास नसणं तुम्हाला कसं जाणवतं, ते सांगाल का? मराठीत सांगा, तुमच्या शब्दांत. नाक बिघडलंय की मेंदू, बाहेर वास खरंच आहे की नाही, हे सगळं आपण कंसात ठेवायचं. फेकायचं नाही, नुसतं बाजूला ठेवायचं. जे जाणवतंय तेवढंच बोलायचं. तेव्हापासून रोज सहा वाजता, गच्चीवर दोन खुर्च्या. आणि काय प्रश्न विचारायची हो! खमंग आणि खरपूस यात फरक काय? कुबट म्हणजे किती कुबट? खवट आणि आंबूस एकच का? मी म्हटलं, वेडी की काय, खवट ते जुनं खोबरं, आंबूस ते कालचं पीठ! तिला हे काहीच माहीत नव्हतं. लखनऊला अत्तराचे शंभर शब्द आहेत, कबूल, पण स्वयंपाकघराचे शब्द आपल्याकडे बघा! ती लिहीत सुटायची आणि मी सांगत सुटायचो. माझ्या आईचं, फलटणचं, पहिल्या पोस्टिंगचं, सगळं निघायचं त्यातून. पंचवीस वर्षांत मी पोरीशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं —

दूध लागलं! थांबा, थांबा सर, आलोच —

…वाचलं! तळाला नुसतं धरायला लागलं होतं, आणखी दोन मिनिटं आणि भांडं गेलं असतं. नाही नाही, बसा तुम्ही, केला गॅस बंद. हां, तर मी काय म्हणत होतो — पोरीशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या — काय झालं सर? असं का बघताय? पोह्यात खडा लागला का? …अच्छा. दूध. म्हणजे… आवाज आला ना. दुधाचा आवाज येतो की. उतू जाताना येतो. लागताना? लागताना… नाही येत. बरोबर आहे तुमचं. लागताना आवाज येत नाही.

अरे देवा.

आता काय लपवायचं! येतो सर. वास येतो मला. सगळा येतो. तुमच्या शर्टाला डांबरगोळीचा येतोय, सकाळी स्टेशनवरून आणतानाच आला होता. प्रकरणात असेलच, की मिस्टर आरचं नाक अखेरपर्यंत परत आलं नाही — ते खोटं आहे. पण ते खोटं तिचं नाही, माझं आहे, हे आधी लिहून घ्या कुठंतरी! सव्वा वर्षाने परत आलं. तेलीबागेत वाण्याच्या दुकानात तांदूळ घ्यायला वाकलो आणि आला — तरटाचा वास! लोकांना गुलाब येतो, चंदन येतं, मला तरट. मी पोत्यात नाक घालून उभा, डोळ्यांतून पाणी, वाणी म्हणतो, चचा, तबीयत ठीक है? तांदूळ तिथंच टाकून घरी धावलो, जिना चढलो, आता अबोलीला सांगतो म्हणून — आणि ती बसली होती वर. दोन खुर्च्या मांडलेल्या, वही उघडलेली. म्हणाली, बाबा, आज उशीर केलात, मी वाट बघतेय. पोरीने माझी वाट बघितली सर. आणि मी काय सांगणार होतो? की नाक आलं, तुझं काम संपलं, जा आता? नाही निघालं तोंडातून. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग दीड वर्षं, तिच्या नोंदी संपेपर्यंत. आणि त्यानंतरही नाहीच.

प्रतिमाने तिसऱ्या दिवशी पकडलं. आमटीत हिंग कमी पडलाय असं मी बोलून गेलो. ती म्हणाली, तुमचं तुम्ही निस्तरा, मी काही सांगणार नाही आणि लपवणारही नाही. ती अशीच आहे. पण मला रात्री झोप लागत नाही हो. आयुष्यात मी एकाही नमुन्यावर खोटी सही केली नाही. लोक लाचेच्या पेट्या घेऊन माझ्या घरी आले, मी गेटवरून परत पाठवले. आणि खोटी सही केली ती कुठे, तर पोरीच्या प्रबंधात! पाच वर्षं झिजली आहे ती यासाठी. पुढच्या महिन्यात बंगळूरला कॉलेजात रुजू व्हायचंय, पदवी झाली तरच. म्हणून म्हणतो सर — हात जोडतो — आज तीन वाजता तुम्हाला जे विचारायचं ते मला विचारा. मला उभं करा सगळ्यांसमोर. पाचवं प्रकरण फाडून टाका, पण बाकीची चार राहू द्या, ती तिची आहेत, त्यांत मी कुठे नाही.

काय काढताय बॅगेतून? अहो, तो प्रबंधच आहे होय. नाही, मी नाही वाचलेला. पहिल्या पानावर माझं आणि प्रतिमाचं नाव आहे, तेवढं वाचलं आणि मिटला. पाचव्या प्रकरणाची तर भीतीच वाटायची, चोराच्या मनात चांदणं. कुठलं पान म्हणता — दोनशे चौदा? आणि खाली ही तळटीप? किती बारीक अक्षर आहे. थांबा, चष्मा… हं. इंग्रजी आहे, सावकाश लावतो. ‘बावीस सालच्या जुलैपासून सहभागी व्यक्तीला वास येऊ लागला असावा असे माझे निरीक्षण आहे.’ …काय? ‘स्वयंपाकघरात हिंगाची डबी नाकाशी धरून, डोळे मिटून उभे असलेले त्यांना मी तीन वेळा पाहिले. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या नोंदी वास नसण्याच्या वर्णनात धरलेल्या नाहीत.’ धरलेल्या नाहीत! म्हणजे दीड वर्षाचं माझं सगळं — थांबा, पुढे आहे — ‘त्या परिशिष्टात वेगळ्या दिल्या आहेत. मी त्यांना काही विचारले नाही. वास येतो की नाही हा प्रश्न मी कंसात ठेवला आणि समोर जे होते त्याचेच वर्णन करत राहिले. समोर होते ते असे, की एका वडिलांना आपल्याला कुणीतरी विचारावे असे वाटत होते. आणि’ — हे तुम्ही वाचता का सर? नको, मीच वाचतो — ‘आणि विचारणारीलाही थांबायचे नव्हते.’

…

कार्टी! तीन वेळा! मी दार लावून घ्यायचो हो. आणि तुम्ही — तुम्ही हे वाचून आलात, सकाळपासून माझे पोहे खाताय आणि मला एवढं बोलू दिलंत? भले शाबास! नाही, रागावलो नाही. रागावू कशाला? दीड वर्षं, सर. तिला ठाऊक होतं, तिला त्या नोंदींचा काही उपयोग नव्हता, तरी रोज सहाला वर यायची. थंडीत सुद्धा. शाल घेऊन. मला वाटत होतं मी तिला फसवतोय. तो पाण्याचा ग्लास देता का जरा?

गेट वाजलं. तीच आहे. मिटा ते, मिटा, बॅगेत घाला. — ये गं, ये. नाही, काही नाही बोललो, विचार सरांना. आणि हे काय घेऊन आलीस? सरांसाठी? निशिगंध. अगं, सरांना द्यायचा गुच्छ माझ्या नाकाशी काय धरतेस? काय जाणवतंय? विचारतेस? …बरं. सांगतो. नीट सांगतो. वरच्या कळ्या आजच्या आहेत. मधल्या कालच्या. देठ रात्रभर शिळ्या पाण्यात उभे होते, खाली कुजायला लागलेत, आंबूस येतंय, आणि ते झाकायला फुलवाल्याने वरून गुलाबपाणी मारलंय. रद्द. परत कर त्याला. …अशी बघतेस काय? येतोय म्हणून सांगतोय. अडीच वर्षं झाली येतोय. …नको, डोळे पुसायला ओढणी कशाला, तो समोर रुमाल आहे. बस इथे माझ्याजवळ.

सर, तुम्ही जरा गच्चीवर जाऊन बसता का? जिना डाव्या हाताला आहे. आम्हा दोघांना थोडं बोलायचंय.